माईंच्या दिवसाचा कागद

लॅपटॉप घ्यायचा यावर सगळ्यांचं एकमत झालं, तेव्हाच वहिनीच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. या घरात आजवर दोनदाच एकमत झालं होतं. पहिल्यांदा दुकानाची पाटी हिरवी रंगवायची ठरली तेव्हा, आणि ती पाटी वर चढल्यावर चार महिने कोणी कोणाशी धड बोललं नव्हतं. दुसऱ्यांदा आप्पांना दवाखान्यातून घरी आणायचं ठरलं तेव्हा, आणि घरी आणल्यावर आठव्या दिवशी आप्पा गेले. त्याला आता सव्वा वर्ष झालं होतं. एवढ्या काळात या तिन्ही भावंडांनी कशावरही एकत्र मान डोलावली नव्हती, आणि आता मात्र थोरला, धाकटा आणि ताई एका सुरात म्हणत होते की माईला एक लहानसा लॅपटॉप घेऊन द्यायचाच.

सोमवार, म्हणजे चष्म्याच्या दुकानाच्या सुट्टीचा दिवस. शटर अर्धं खाली ओढलेलं होतं आणि त्याखालून दुपारचं ऊन फरशीवर आलं होतं. एरवी जिथे फ्रेमांचे ट्रे मांडलेले असत त्या काउंटरवर आज तीन छोटे लॅपटॉप उघडून ठेवले होते. समोरच्या संगणक दुरुस्तीवाल्याने ते संध्याकाळपर्यंत बघायला दिले होते. त्याला सगळी गल्ली पेचकस म्हणायची, कारण कानावर पेन्सिल ठेवावी तसा तो पेचकस ठेवून हिंडायचा. बघा, वापरा, उघडझाप करा, आणि पाच वाजता मला एकच काय ते सांगा, असं तो बजावून गेला होता. ही मंडळी ठरवायला किती वेळ घेतात हे त्याला हिरव्या पाटीपासून माहीत होतं.

थोरला काउंटरच्या मागे, नेहमीच्या जागी बसला होता. वडील गेल्यावर गल्ल्याची खुर्ची आणि शेवटचा शब्द या दोन्ही गोष्टी आपल्याकडे आल्या, अशी त्याची समजूत होती. त्याने पट्टीने रेघा मारून एक तक्ता केला होता. धाकटा वीज कंपनीत मीटर वाचायचं काम करायचा, त्यामुळे चार्जर, पिन आणि प्लग हे आपलं खातं असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. ताई सगळ्यांत मोठी. ती रुग्णालयातली रात्रपाळी संपवून, दोन तास डोळा लावून तशीच आली होती आणि पिशवी मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हती. माई आतल्या खोलीतून आपलं स्टूल घेऊन आल्या होत्या. त्या स्टुलावर बसून त्यांनी चाळीस वर्षं यंत्रावर काचा घासल्या होत्या. पुढे आप्पा गिऱ्हाइकाशी बोलायचे, आणि मागे माईंच्या हाताखालून काच फ्रेमच्या मापाची होऊन निघायची.

आणि वहिनी. ती थोरल्याची बायको, पण गल्लीत लहानथोर सगळेच तिला वहिनी म्हणत. घरात येऊन तिला बावीस वर्षं झाली होती आणि डोळ्यांचे नंबर काढायला लागून पंधरा. आज ती काउंटरला लागून असलेल्या नंबर काढायच्या टेबलाशी बसली होती, पण तिचं लॅपटॉपांकडे लक्ष नव्हतं.

त्याचं कारण हे की थोरल्याच्या कपाटात एक पत्र होतं. लांबच्या शहरातल्या भिंगांच्या मोठ्या कारखान्याने त्याला देखरेखीची जागा दिली होती, राहायला घरही. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला दोघांनी निघायचं होतं. धाकट्याला हे पंधरा दिवसांपूर्वी विश्वासात घेऊन सांगितलं होतं. माईंना आणि ताईला मात्र कानोकान खबर नव्हती. आधी लॅपटॉप द्यायचा, त्यावर एकमेकांची तोंडं कशी दिसतात ते दाखवायचं, माई जरा खूश झाल्या की मग हळूच सांगायचं, असा थोरल्याचा बेत होता. लहान मुलाला गोळी दाखवून सुई टोचतात ना, तसा. वहिनीला हे पटलं नव्हतं. पण बावीस वर्षांत न पटलेल्या गोष्टींवर मूग गिळून बसायची तिला इतकी सवय झाली होती की या वेळीही ते मूग आपोआप खाली उतरले.

"फार काही लागणार नाहीये हिला," थोरल्याने तक्त्यावर बोट ठेवून सुरुवात केली. "फोटो बघायचे. बिलं भरायची. आणि मुख्य म्हणजे आमचे चेहरे बघायचे."

"तुमचे चेहरे मी रोज बघते," माई म्हणाल्या.

थोरल्याने घाईघाईने पान उलटलं. वहिनीने खाली मान घालून टेबलावरचा नसलेला कचरा झटकला.

मग लॅपटॉपांची परीक्षा सुरू झाली. पहिला नवाकोरा, चंदेरी, दिसायला देखणा आणि किमतीला सगळ्यांत हलका. थोरल्याला तोच पसंत होता. पण चष्मेवाल्यांच्या घरात वस्तू गेली की आधी तिची काच बघतात. ताईने तो उजेडाकडे वळवला, तर पडद्यात आख्खं शटर, रस्ता आणि रस्त्यावरची सायकल दिसली. हा लॅपटॉप आहे की आरसा, असं तिने विचारलं. शिवाय पेचकस सांगून गेला होता की याची मेमरी चारच जीबी आहे. दोन खिडक्या उघडल्या की तिसरीला धाप लागते, आणि ती पुढे वाढवताही येत नाही. दुसरा जरा मोठा, तब्येतीने दणकट, पण चालू केला की दोन मिनिटांत आतला पंखा घुंघुं करायला लागायचा. तिसरा करडा, कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेला, कोपरे घासलेले. बॅटरी नवी टाकून देतो, डिस्क नव्या जातीची आहे, मेमरी आठ जीबी आहे, बिजागरी लोखंडासारखी आहे, आणि एवढ्या पैशांत नवा भिकार घेण्यापेक्षा जुना चांगला घ्यावा, असं पेचकसचं मत. पण जुनं घ्यायचं म्हटल्यावर थोरल्याचा चेहरा पडला. आईला वापरलेली वस्तू द्यायची? गल्ली काय म्हणेल?

धाकट्याने तिन्हींचे चार्जर हातात घेऊन वजन केलं. ताईने बॅटरी किती तास टिकते ते विचारलं आणि विचारताना माईंकडे एक नजर टाकली. ती नजर वहिनीने पाहिली, पण तिचा अर्थ तिला लागला नाही. अर्ध्या तासाने चंदेरीला एक मत, दणकटाला एक, करड्याला एक, असा हिशेब झाला आणि एकमत नेहमीसारखं धुळीला मिळालं.

तेव्हा वहिनी बोलली. पुढे तिने कितीदा स्वतःला विचारलं असेल, की त्या क्षणी आपण गप्प का नाही बसलो.

"आपण माईंचा दिवसाचा कागद भरून घेऊ या की," ती म्हणाली.

सगळ्यांनी एकदम मान डोलावली. दिवसाचा कागद ही आप्पांची रीत. एक शिंपी तीनदा चष्मा परत घेऊन आला होता, नंबर अगदी बरोबर असून. तेव्हा आप्पांनी त्याला बसवून विचारलं, बाबा, तू दिवसभर करतोस काय? तर तो सुईत दोरा ओवायचा नाकापाशी, शिवायचा वीतभर अंतरावर आणि दारात उभ्या माणसाचं माप डोळ्यांनीच घ्यायचा. तेव्हापासून या दुकानात नंबर काढण्याआधी गिऱ्हाइकाला एक कागद देत. किती वाजता, काय बघता, किती लांबून. डोळा नंतर, दिवस आधी, असं आप्पा म्हणायचे. कागदाचे दोनच नियम होते. असायला हवा तसा दिवस लिहायचा नाही, असेल तसा लिहायचा. आणि माणूस लिहीत असेपर्यंत कोणी मध्ये बोलायचं नाही. नवरा-बायकोची भांडणं, व्यसनं, लपवलेले आजार, सगळं त्या कागदांवर आलेलं होतं आणि दुकानाबाहेर कधी गेलं नव्हतं.

माईंनी कागद पुढ्यात घेतला आणि पेन्सिलीचं टोक तपासलं.

"कुठला दिवस लिहू?" त्यांनी विचारलं.

"लॅपटॉप आल्यावरचा," थोरला म्हणाला. "पुढचा. तुला जसा वापरायचाय तसा."

"पुढचाच लिहिते मग."

ताईने पिशवीचे बंद घट्ट धरले.

वहिनी माईंच्या समोर बसली होती. गिऱ्हाईक कागद भरत असताना समोर बसून उलटं वाचायचं, ही पंधरा वर्षांची सवय. त्याने नंतरचा वेळ वाचतो. तिचं मन आत्ता वाचण्यात नव्हतं, पण डोळे त्यांचं काम करत होते. माईंनी लिहिलं: पहाटे साडेपाच. खिडकी. डोंगर. लांबून.

वहिनीने पुन्हा वाचलं. घराला खिडक्या चार होत्या. दोन रस्त्यावर, एक औषधांच्या दुकानाच्या भिंतीवर, एक पाण्याच्या टाकीवर. डोंगर बघायचा तर गाडी करून जावं लागलं असतं.

साडेसहा. मुलांची यादी. एका हातावरून. आठ. गाडीत. मांडीवर. नऊ ते एक. गावातल्या अंगणात, उन्हात. एकेका मुलाला काय दिसतं ते विचारून लिहून घेणं. दीड हातावरून. इथे माईंनी जरा थांबून बारीक अक्षरात जोडलं: आवाज नको, ही मुलं कानांनी बघतात.

पेन्सिल पुढे सरकतच होती. चार. शाळेत परत. सहा. मोठ्या मुलींना काच धरायला शिकवणं. आठ. खोलीवर. एकटी. वाचन.

कागद संपला. पहाटेपासून रात्रीपर्यंत त्यात हे दुकान नव्हतं, हा रस्ता नव्हता, धाकटा नव्हता, थोरला नव्हता आणि वहिनी नव्हती. म्हणजे यांना कळलं, एवढंच तिच्या डोक्यात आलं. कोणीतरी सांगितलं, किंवा कपाटातलं पत्र सापडलं, आणि हे त्याचं उत्तर आहे. तिला कागद ओढून घ्यावासा वाटला. पण रीत होती. भरलेला कागद गल्ल्यावरचा माणूसच वाचणार.

थोरल्याने तो आप्पांच्या थाटात, चष्मा कपाळावर सरकवून हातात घेतला आणि मोठ्याने वाचायला लागला. वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. माणसाचं मन एका तक्त्यात अडकलं की त्याला त्यापलीकडचं दिसत नाही, हे तिने रोज दुकानात पाहिलं होतं, पण इतकं? 'गाडीत, मांडीवर' असं वाचून त्याने तक्त्यात वजन कमी असं लिहिलं. 'उन्हात' वाचून चंदेरीवर काट मारली, कारण उन्हात त्याचा आरसा झाला असता. 'आवाज नको' आलं तशी दणकटावर काट मारली. नऊ ते एक अधिक सहा ते आठ, म्हणजे बॅटरी मजबूत हवी, असं स्वतःशी पुटपुटला. मग विजयी मुद्रेने त्याने वर पाहिलं.

"बघा. कागदाने पाच मिनिटांत निकाल लावला. करडाच."

"दादा," धाकटा हळूच म्हणाला, "कुठली मुलं?"

थोरल्याने कागदाकडे पाहिलं. या वेळी त्याने तो मनात वाचला, आणि त्याचा चेहरा वरून खाली उतरत गेला.

माई सरळ बसल्या. त्यांनी सांगितलं ते अगदी थोडक्यात सांगितलं, जणू काही रोजचं काम सांगताहेत. डोंगरावरच्या गावात अंधुक दिसणाऱ्या मुलांची एक शाळा आहे. मागच्या हिवाळ्यात तिथली पंचवीस मुलं या दुकानात चष्म्यासाठी आली होती. तेव्हा माई मागच्या खोलीतून बाहेर येऊन एकेकाला विचारत होत्या की तू दिवसभर काय करतोस, आणि शाळेच्या मोठ्या बाई ते बघत उभ्या होत्या. त्यांनी तीन पत्रं पाठवली. आसपासच्या गावांत जाऊन मुलांचे कागद भरायचे, काचा बसवायच्या, मोठ्या मुलींना हे काम शिकवायचं. राहायला एक खोली. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपासून.

"मी हो म्हटलंय," माई म्हणाल्या.

वहिनी पाहत होती ती नवऱ्याकडे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते तिने त्या क्षणी डोळ्यांनी पाहिलं. त्याला शाळा ऐकूच आली नव्हती. त्याला फक्त एवढंच ऐकू आलं होतं की आईला कळलं आणि ती रागावून घर सोडून निघाली. वहिनीने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दाबला. त्याच्या पायात जाड बूट होते.

"हे बघ माई, आम्ही आज तुला सांगणारच होतो," तो बोलला. "तू असा त्रागा करून घेऊ नकोस. दोनच वर्षांचा प्रश्न आहे. तिथे घर लहान आहे, नाहीतर तुलाही नेलं असतं. आणि धाकटा आहे ना इथे तुझ्याजवळ. रोज बोलू आपण, त्यासाठीच तर हा लॅपटॉप."

माईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग धाकट्याकडे. धाकटा चार्जरची वायर बोटाला गुंडाळत होता.

"कुठे?" त्यांनी विचारलं. "कुठे जाताय तुम्ही?"

त्यांना माहीत नव्हतं. वहिनीला ते त्यांच्या आवाजातच कळलं, आणि बाकीच्यांना एकेक करून कळत गेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय, तर हे. माईंनी स्टुलाच्या कडेला हात टेकवला. बावीस वर्षांत वहिनीने त्यांना कशाला तरी धरून बसलेलं पाहिलं नव्हतं, आप्पा गेले तेव्हासुद्धा नाही. तिला कोणीतरी कानफटात मारल्यासारखं झालं. कारण ही गोष्ट तीसुद्धा पंधरा दिवस पदराआड ठेवून या बाईबरोबर रोज चहा पीत होती.

मग ताईचा तोल सुटला. सगळं तिच्या लक्षात आलं होतं. म्हणजे तुम्ही निघून जाणार, आणि आई एकटी पडेल म्हणून तिच्या हातात हे यंत्र देणार, आणि वर मलाही त्यात वाटा द्यायला लावणार, असं तिने एका दमात थोरल्याला सुनावलं. थोरलाही गप्प बसेना. ताईला हे शाळेचं आधीपासून माहीत होतं की नाही, ते तिने सांगावं, असा त्याचा सवाल. मागच्या महिन्यात माई चार दिवस ताईकडे राहायला गेल्या होत्या.

"एक दिवस माझ्याकडे," ताई म्हणाली. "उरलेले तीन दिवस शाळेत. मीच गाडीत बसवून दिलं. तब्येतीचा दाखलासुद्धा मीच आणून दिला. काय म्हणणं आहे तुझं?"

"आणि आम्हाला एका शब्दाने नाही?"

"तू किती शब्दांनी सांगितलंस?"

धाकट्याने वायर खाली ठेवली. त्याचं गणित नुकतंच पुरं झालं होतं. दादा-वहिनी एक तारखेला, माई पंधराला. म्हणजे या घरात मी एकटा, असं तो म्हणाला. कोणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं असावं, कारण इतका वेळ थोरल्याच्या शेजारी उभा होता तो आता ताईच्या बाजूला जाऊन बसला.

माईंनी हात वर केला. सगळे थांबले.

"दुकान कोण उघडणार?" त्यांनी विचारलं.

थोरला खाली बघून म्हणाला की सध्या बंद ठेवू, नाहीतर कोणाला चालवायला देऊ. हल्ली मोठमोठ्या दुकानांसमोर आपल्याकडे येतं कोण.

"मी कशाच्या जोरावर हो म्हटलं असेल?" माई म्हणाल्या. त्या थोरल्याशी बोलत होत्या, पण बोट वहिनीकडे होतं. "ही आहे म्हणून. नंबर काढायला हिचा हात तुझ्या वडिलांपेक्षा चांगला आहे. ते स्वतः मला म्हणाले होते. दुकान हिच्या हातात आहे, घर भरलेलं आहे, तर आता मी जरा माझं काम करते, असं वाटलं मला. कुलूप लावलेल्या घरातून मी कशी जाऊ?"

वहिनीला पुढचं काही क्षण ऐकू आलं नाही. बावीस वर्षं. एक शब्द नाही. काच नीट बसली की माई नुसतं हं म्हणायच्या, आणि त्या हंचा अर्थ ठीक आहे, चालेल, असाच ती लावत आली होती. आपण या घरात नवऱ्याची बायको म्हणून आहोत, दुकानात त्याची मदतनीस म्हणून आहोत, एवढंच तिला माहीत होतं. कोणीतरी आपल्या भरवशावर डोंगरावर जायला निघालं होतं, हे तिला आज, ते मोडताना कळत होतं. तिला आनंद झाला आणि त्याच घोटाबरोबर रडू आलं. तिने दोन्ही गिळलं.

"मी बाईंना कळवून टाकते," माई म्हणत होत्या. "जमत नाही म्हणून."

"तेच बरं," थोरला लगेच म्हणाला. त्याचा सुटकेचा श्वास सगळ्यांना ऐकू गेला. "या वयात कुठे डोंगर चढत बसतेस? तू दुकानात बस, धाकटा आहेच. वाटल्यास सकाळी दोन तास उघड. तुला पण विरंगुळा."

ताई काही बोलायला गेली, पण माईंनी तिला थांबवलं. त्यांनी लॅपटॉपची झाकणं एकामागून एक मिटली, चंदेरी, दणकट, करडा. करड्यावर त्यांचा हात जरा जास्त वेळ राहिला. त्यांच्या बोटांना काचा घासून घासून घट्टे पडले होते. त्या घट्ट्यांकडे बघताना वहिनीला वाटलं, ही बाई आता आतल्या खोलीत जाऊन बसेल आणि शाळेचं नाव पुन्हा कधी काढणार नाही. हे थोरल्याला कळत नव्हतं. कळलं असतं तर त्याने असं म्हटलं नसतं, तो इतका वाईट माणूस नव्हता. तो नुसता घाईत होता.

माई उठल्या. दोन पावलं गेल्या आणि वळल्या.

"अगं," त्या वहिनीला म्हणाल्या, "तुला जायचंय का?"

किती साधा प्रश्न. वहिनीने उत्तर शोधलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलाच नव्हता. थोरल्याने पत्र आणून दाखवलं होतं, दोन सुटकेसपैकी कुठली नेऊ या असं विचारलं होतं, तिथे पाणी चोवीस तास असतं हे सांगितलं होतं. तिने बरं म्हटलं होतं. लेक परगावी शिकायला गेल्यापासून इथे तरी काय आहे, असंही तिने स्वतःला समजावलं होतं. पण तुला जायचंय का, हे तिने स्वतःलासुद्धा विचारलं नव्हतं.

जायलाच हवं ना, असं म्हणायला तिने तोंड उघडलं.

"नाही," ती म्हणाली.

धाकट्याने मान वर केली. ताईची पिशवी मांडीवरून घसरून खाली पडली आणि तिने ती उचलली नाही. थोरला बायकोकडे असा बघत होता, की जणू काउंटरवरची एखादी फ्रेम बोलायला लागली आहे.

"हे तू मला आत्ता सांगतेस?"

"मलाही आत्ताच कळलं," वहिनी म्हणाली.

आणि ते खरं होतं. आपण हे काय बोलून बसलो, याचा धक्का त्या खोलीत सगळ्यांत जास्त तिलाच बसला होता. ते शब्द परत घ्यावेत का, असं तिने मनात चाचपून पाहिलं. घ्यावेसे वाटेनात. मला इथे राहायचंय, नंबर काढायचेत, हे दुकान मी उघडते, ती म्हणाली. तुम्ही जा, दोन वर्षं आहेत ना, दोन वर्षं काढू. थोरल्याने ताईकडे पाहिलं, धाकट्याकडे पाहिलं. त्याच्या बाजूने बोलायला त्या दुकानात कोणी उरलं नव्हतं. माईंनी नुसतं हं म्हटलं, आणि वहिनीला पहिल्यांदाच त्याचा अर्थ बरोबर लागला.

शटरवर टकटक झाली. पाच वाजले होते. पेचकस खाली वाकून आत आला आणि एकदम थबकला. लॅपटॉप मिटलेले, माणसं मिटलेली. मग परत येऊ का, असं त्याने विचारलं.

"नको," वहिनी म्हणाली. "करडा घ्यायचाय. बॅटरी नवी टाकून द्या, माईंना दिवसभर बाहेर लागणार आहे. आणि त्यातलाच अजून एक आहे का?"

पेचकसने कानावरचा पेचकस काढून डोकं खाजवलं. आहे म्हणाला, त्याच कचेरीतून आलेला, एका कोपऱ्याला टवका उडालाय एवढंच. पण दोन कुणाकुणाला?

"एक माईंना. एक यांना."

माणूस धंद्यातला, त्याला तेवढ्याने भागेना. तो काउंटरपाशी गेला आणि त्याने थोरल्याला अगदी सहज विचारलं, "साहेब, तुम्हाला कशासाठी लागणार? म्हणजे तसा तयार करून देतो."

सगळ्यांची कामं तक्त्यात मांडणारा थोरला काउंटरवर दोन्ही हात ठेवून बसून राहिला. त्याने बायकोकडे पाहिलं. तीही त्याच्याकडेच बघत होती आणि तिचे डोळे भरले होते, पण तिने नजर काढून घेतली नाही.

"घरी बोलायला," तो म्हणाला.